पाच लाखांच्या आतलं शहर

पुणे महानगरपालिकेला आयुक्त एकच असतो, ही सरकारदरबारची समजूत आहे. प्रत्यक्षात या शहरात जेवढी डोकी तेवढे आयुक्त. त्यांतला एक पगारी, बाकीचे मानद. पगारी आयुक्तांना इथला कुठला रस्ता कुठे निघतो हे जरा उमगायला लागलं की बदलीचा आदेश येतो. मानद आयुक्तांची बदली होत नाही. ते चाळीस-चाळीस वर्षं एकाच सिग्नलचा अभ्यास करत त्याच कोपऱ्यावर उभे असतात, आणि नोकरीतून निवृत्त झाले की पूर्णवेळ उभे राहतात.

त्यांच्या बैठका कुठेही भरतात. अमृततुल्यच्या फळीशी, सलूनच्या खुर्चीत, दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत. डॉक्टरांनी 'आ करा' म्हटलं की तेवढ्यापुरती सभा तहकूब. वैकुंठात आतले विधी चालू असताना बाहेर थांबलेली मंडळी गेलेल्या माणसाबद्दल चांगलं ते पाच मिनिटांत बोलून घेतात आणि म्हात्रे पुलावरच्या वाहतुकीकडे वळतात. 'सुटला बिचारा' असं तिथे कानावर आलं, तर ते कुणाबद्दल होतं याची खात्री करून घ्यावी.

सूचनेची सुरुवात नेहमी 'काही नाही हो, अगदी सोपं आहे' अशी होते. सोपं म्हणजे काय, तर कर्वे रस्त्याच्या पोटातून एक भुयार काढायचं आणि ते थेट स्वारगेटला वर आणायचं. किंवा मुठेच्या पात्रावरून एक लांबलचक पूल टाकून द्यायचा, नाहीतरी पात्र वर्षातले आठ महिने रिकामंच असतं. खर्चाचं विचारलं की 'पैसा ढीग आहे हो, इच्छाशक्ती नाही' असं उत्तर मिळतं. ही शक्ती कुणाकुणाकडे नाही याची यादी सगळ्यांना पाठ असते. मग ती आहे कुणाकडे, असं विचारलं की बोलणारा किंचित लाजतो.

या मानद आयुक्तांत दोन पक्ष आहेत : बांधा-पक्ष आणि पाडा-पक्ष. दुसऱ्या एखाद्या शहरात यातल्या एका पक्षाला तरी नाराज व्हावं लागलं असतं. पुण्याने दोघांचंही मन राखलं. विद्यापीठ चौकात उड्डाणपूल हवा, असं बांधा-पक्ष म्हणाला. तो २००६ च्या सुमारास झाला. हा पूल चुकीचा आहे, असं पाडा-पक्ष त्या दिवसापासून म्हणत होता. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या शांततेत तो पाडला, कारण वरून मेट्रो न्यायची होती. मग त्याच जागी पुन्हा पूल उभा करायला घेतला, आणि या खेपेला दुमजली. आता कुणाची काही तक्रार आहे का? आहे. दोन्ही पक्षांची आहे. 'आम्ही तेव्हाच सांगत होतो' हे दोघंही एकाच सुरात म्हणतात, आणि दोघंही खरं बोलतात, ही पुण्याच्या नगररचनेतली खरी गुंतागुंत.

चांदणी चौकातल्या जुन्या पुलाच्या वेळी तर मानद आयुक्तांची दिवाळी झाली. २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री जवळजवळ ६०० किलो स्फोटकं लावून तो उडवायचा होता. नोएडाचे गगनचुंबी जुळे मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त करणारी मंडळी या कामाला आली होती. आख्खं शहर टीव्हीसमोर जागं. धडाका झाला, धुरळा बसला आणि पुलाचा बराचसा भाग जागच्या जागी दिसला. उरलेलं काम रात्रभर यंत्रांनी पुरं करावं लागलं. दुसऱ्या दिवशी शहरात दोनच प्रकारची माणसं होती. 'दारू कमी पडणार, मी बोललो होतो' म्हणणारी, आणि 'बघा, आमच्या पुण्याचं काम! उडवून उडत नाही' म्हणणारी. सरकारी बांधकामाचा अभिमान वाटण्याची वेळ पुणेकरांवर क्वचित येते, आणि ती आलीच तर बांधकाम पाडताना येते.

सूचना करण्याची ही खोड आजची नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळानं पाणी शहरात खेळवलं आणि पेठापेठांत हौद बांधले. ना पंप ना वीज, सगळा कारभार उतारावर. मानद आयुक्त हा दाखला प्रत्येक सभेत काढतात, आणि तो आहेच काढण्यासारखा. पण त्या वेळी कुणी नागरिकांच्या सूचना मागवल्या नव्हत्या, हे कुणी बोलत नाही. मागवल्या असत्या, तर पहिला हौद कुणाच्या दारासमोर नको हे ठरेपर्यंत दुसरा बाजीराव गादीवर आला असता.

न ऐकलेल्या सूचनेचा मात्र पुण्यात मोठा सन्मान होतो. १८७६ पासून काही वर्षं महात्मा जोतिराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. नगरपालिकेने लाखो रुपये खर्चून मंडईची भव्य इमारत बांधायचं ठरवलं, तेव्हा फुल्यांनी विरोध केला. एवढा पैसा आहे तर तो शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. ऐकलं कुणी नाही. १८८६ मध्ये इमारत उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव दिलं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले आणि त्यांनी रे मार्केटचं नामांतर करून घेतलं : महात्मा फुले मंडई. म्हणजे ज्या इमारतीला सदस्याने विरोध नोंदवला, तिच्याच कपाळावर त्याचं नाव. मी हे आमच्या सोसायटीच्या सभेत सांगितलं तेव्हा एक सभासद गंभीर होऊन म्हणाले, 'म्हणजे आपण रिंग रोडला विरोध केला पाहिजे.'

रिंग रोडचं सांगायला हवं. शहराच्या आतून फिरणारा ३६ किलोमीटरचा एक वर्तुळाकार मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात आखलेला आहे. त्याला एचसीएमटीआर असं एक नाव आहे, ते नाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो तेवढंच काम आजवर झालं, असं लोक म्हणतात. हे सभासद तरुणपणी बँकेचं कर्ज काढून इथे फ्लॅट घेऊन बसले ते त्या रस्त्याच्या भरवशावर. आता त्यांचा नातू ड्रायव्हिंग शिकतोय.

तर, सूचना कुणी ऐकत नाही हे दुःख पुण्यात पूर्वापार आहे. महापालिकेने २००६ मध्ये त्यावर अघोरी इलाज केला. सूचना ऐकायला सुरुवात केली. 'अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग' असं त्याचं नाव. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात क्षेत्रीय कार्यालयात एक फॉर्म मिळतो, आता तो ऑनलाइनही भरता येतो. आपल्या भागात काय काम व्हायला हवं ते लिहून द्यायचं. पदपथ, दिवे, बाकडी, बसथांबा, स्वच्छतागृह असलं काहीही. निवड झाली तर पुढल्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्या कामाला पैसे ठेवले जातात. अट एवढीच की काम पाच लाखांच्या आतलं असावं.

माझ्या मते हा फॉर्म म्हणजे या शहरात निघालेला सगळ्यात क्रूर कागद आहे. चाळीस वर्षं भुयारं खणणाऱ्या माणसाला त्याने विचारलं : बरं, तुझ्या गेटबाहेर काय हवंय?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत या फॉर्मसाठी खास सभा लागते. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, त्यासाठी चार गाड्या बाहेर फुटपाथवर लावाव्या लागतात. सभेचा पहिला विषय दर वर्षी फुटपाथवर लावलेल्या गाड्या हाच असतो.

गेल्या सभेत सेक्रेटरींनी फॉर्म वाचून दाखवला. पाच लाखांचा आकडा आला आणि पार्किंगमध्ये कुणीतरी हवा काढून घेतल्यागत झालं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे इंजिनियरसाहेब हातातली गुंडाळी घेऊन आले होते. त्यात पौड फाट्यापासून डेक्कनपर्यंतचा उन्नत मार्ग होता, तीन रंगांच्या पेन्सिलीनं काढलेला. त्यांनी गुंडाळी हळूच खुर्चीखाली सरकवली. 'पाच लाखांत माती परीक्षण होत नाही,' एवढंच म्हणाले.

'मग बाकडं मागू या,' सेक्रेटरी म्हणाले.

बाकड्याला विरोध असण्याचं कारण नव्हतं, म्हणून तो यायला दोन मिनिटं लागली. बाकडं कुठे ठेवायचं? गेटच्या उजवीकडे ठेवलं तर संध्याकाळी कॉलेजची जोडपी येऊन बसतील. डावीकडे ठेवलं तर पार्सल पोचवणारी पोरं मोबाइल बघत बसतील. झाडाखाली ठेवलं तर दुपारी कुणीतरी झोपेल. झोपू नये म्हणून मधोमध लोखंडी दांडी घालावी, अशी दुरुस्ती आली. जोडप्यांसाठी दोन दांड्या, अशी उपदुरुस्ती आली. रात्री कुणी दारू पीत बसू नये म्हणून बाकडं थेट दिव्याखाली असावं, आणि दुपारी कुणी रेंगाळू नये म्हणून उन्हात असावं. अर्ध्या तासात एकमताने असं बाकडं तयार झालं, ज्यावर कुणालाही बसता येणार नाही. तळमजल्यावरच्या आजी, ज्यांच्या गुडघ्यांसाठी ही मूळ कल्पना निघाली होती, त्या तोवर उभ्याच होत्या, कारण खुर्च्या कमी पडल्या होत्या.

पुढे गतिरोधक निघाला. इथे इंजिनियरसाहेबांना पुन्हा तेज चढलं. गतिरोधकाचं शास्त्र आहे, भारतीय रस्ते महासभेची मापं ठरलेली आहेत : रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, वरचा आकार घसरता, गोलाकार. गाडी ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने अलगद पार झाली पाहिजे. 'आपल्याकडे यातली फक्त उंची पाळतात, तीसुद्धा अंदाजे,' ते म्हणाले. हे मात्र खरं आहे. पुण्यातले अनेक गतिरोधक वाहनाचा वेग कमी करत नाहीत, ते वाहनातला माणूस कमी करतात. प्रत्येकाला गतिरोधक हवा होता, पण गेटच्या अलीकडे की पलीकडे, यावर मतं फुटली. अलीकडे घातला तर बाहेरच्यांच्या गाड्या हळू होतील आणि आपल्याला बाहेर पडता येईल. पलीकडे घातला तर आपल्यालाही रोज त्यावरून जावं लागेल. सिंगापूरकर म्हणाले की, तिकडे असले गतिरोधक लागतच नाहीत, माणसं आपोआप हळू चालवतात.

सिंगापूरकर हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांची मुलगी तिकडे असते आणि ते वर्षातले दोन महिने तिच्याकडे काढतात. उरलेले दहा महिने आम्ही त्यांच्याबरोबर सिंगापुरात काढतो. तिथे रस्त्यावर कचरा टाकला की दंड, थुंकलं की दंड. नियम म्हणजे नियम. सिंगापूरकरांची इथली स्कूटर सकाळी दुधाला निघते तेव्हा गेटातून उलट्या बाजूने जाते. एकदा मी विचारलं तर म्हणाले, 'अहो, पुढून वळून यायचं तर केवढा फेरा पडतो! इथे काही सोयच केलेली नाही.' म्हणजे नियम पाळण्याची सोय शहराने आधी करून द्यायची, मग ते पाळायचा विचार करतील. हेल्मेटच्या सक्तीविरुद्ध पुण्यात कृती समिती निघते आणि तिला उदंड पाठिंबा मिळतो, हे सिंगापुरात कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सिंगापूरकरांनी सांगितलेलंही नाही.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी बसचा विषय काढला. बस वाढल्या तर रस्ते मोकळे होतील, थांब्याला नीट छप्पर हवं, फलक हवा. सर्वांना पटलं. 'पीएमटी सुधारलीच पाहिजे,' सगळे म्हणाले. आता पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी यांचं विलीनीकरण होऊन पीएमपीएमएल झाली ती २००७ साली. सभेतल्या एकाच्याही तोंडात ते नाव नव्हतं. कोण बसमध्ये शेवटचं कधी चढलं, ते यावरून समजतं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००६ च्या डिसेंबरात, कात्रज ते हडपसर बीआरटी सुरू झाली होती, देशातला पहिला प्रयोग म्हणून. बससाठी स्वतंत्र मार्गिका. त्या मार्गिकेचा आमच्यातल्या पुष्कळांनी उपयोग केला आहे, बसखेरीज इतर सर्व वाहनांतून.

थांबा मंजूर झाला, पण थांब्याची जागा मंजूर होईना. चालत दोन मिनिटांवर हवा, पण आपल्या गेटसमोर नको. गर्दी होते, लोक भिंतीला टेकतात, पानवाला येतो. शेजारच्या सोसायटीच्या गेटसमोर असला तर उत्तम. ती सूचना करायला शेजारच्या सोसायटीचा फॉर्म लागतो आणि त्यांच्या सभेत तो थांबा आमच्या गेटसमोर मागितला गेल्याचं नंतर कळलं.

सगळ्याच 'नको'ला हसायला नको. याच शहरात वेताळ टेकडीवर पहाटे फिरणारी माणसं आहेत. टेकडीच्या कुशीतून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता न्यायचा आणि टेकडीच्या पोटातून बोगदे काढायचे म्हटल्यावर ती रस्त्यावर उतरली. त्यांच्याकडे पक्ष्यांच्या याद्या होत्या, झाडांची नावं होती, पाणी कुठे मुरतं याचे नकाशे होते. नदीकाठ सुशोभित करण्यासाठी झाडं तोडणार म्हटल्यावर पुणेकर नदीकाठी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. हा 'नको' मला पटतो, कारण तो स्वतःच्या गेटच्या बराच पुढे जाऊन म्हटलेला आहे. अर्थात टेकडीवर जाणाऱ्यांपैकी कितीजण पायथ्यापर्यंत मोटारीनं जातात आणि ती कुठे लावतात, हा प्रश्न मी विचारत नाही. सकाळच्या वेळी माणसाने भांडू नये.

११ डिसेंबरला तर पुण्यात पादचारी दिन असतो. २०२१ पासून त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा वाहनांना बंद करतात. वहिनी तो बघून आल्या होत्या. रस्त्यात मुलं खेळत होती, दुकानांच्या पाट्या वाचता येत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं की, लक्ष्मी रस्त्याला दुसरी बाजूही आहे. 'फार सुंदर! रोज असं पाहिजे,' त्या म्हणाल्या. 'फक्त गाडी लावायला जागा मिळाली नाही, तीन चकरा मारल्या.'

सभा रंगलेली असताना आमच्या कचऱ्याच्या ताई पैसे घ्यायला आल्या. महिनाअखेर होती.

इथे जरा थांबतो, कारण शहर सुधारण्याची जी एक कल्पना मला या गावात खरोखर चाललेली दिसली, ती यांची आहे. आणि ती पार्किंगमधल्या सभेत निघालेली नाही. उकिरड्यावर कागद-काच वेचणाऱ्या बायकांनी आणि पुरुषांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' नावाची संघटना उभारली. बाबा आढावांसारखी माणसं त्यांच्यामागे होती. उकिरड्यात हात घालण्यापेक्षा आम्हीच दारोदार येऊन कचरा नेतो, वेगळा करतो आणि भंगार विकतो, असं त्यांचं म्हणणं. त्यातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. ज्यांना कुणी कधी कुठला फॉर्म दिला नव्हता, त्यांनी शहराचं गणित सोडवून दाखवलं. आमच्या दारातला कचऱ्याचा कंटेनर गेला, घाण गेली, गाई गेल्या. आमच्या सोसायटीच्या वाट्याला उरलं ते एवढंच काम : ओला एका बादलीत टाकायचा, सुका दुसरीत. या कामाला आम्ही 'जाचक अट' म्हणतो. इंजिनियरसाहेबांकडे कचऱ्यापासून वीज करण्याची सोळा पानी योजना आहे. त्यांच्या घरच्या बादलीत काल बटाट्याच्या साली, दोन बॅटऱ्या आणि एक फुटलेला ग्लास एकत्र नांदत होते.

ताईंना बघून आजी म्हणाल्या, 'अगं, तू पण सांग की काहीतरी. पाच लाखांपर्यंत मागता येतं म्हणे.'

ताई हसल्या. त्यांना वाटलं, आजी थट्टा करताहेत. मग म्हणाल्या, 'गेटापाशी फुटपाथ लई उंच हाय. ढकलगाडी वर चढत न्हाई. मग रस्त्यानं न्यावी लागती, मागनं समदे हारन मारत्यात. दोन्हीकडनं उतार करून दिला तर बास.'

सभेत पुन्हा शांतता पसरली, पण ही वेगळी होती. हे काम पाच लाखांत होणारं होतं. पन्नास हजारांतही झालं असतं. ते कुणाच्या गेटसमोर नको असं म्हणता येत नव्हतं, कारण फुटपाथ आधीच तिथे होता. आजी म्हणाल्या, 'माझा वॉकरही जाईल की गं.' पहिल्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याला बाबागाडी आठवली. विरोधाचा एकही मुद्दा मिळेना तेव्हा खजिनदार म्हणाले, 'पण अर्जदार म्हणून नाव कुणाचं घालायचं?'

यावर पाऊण तास गेला, आणि तो जायलाच हवा होता. पुण्यात काम करण्यापेक्षा कामाची पाटी महत्त्वाची. बाकडं असो, झोपाळा असो, बसथांब्याचं छप्पर असो, त्यावर 'संकल्पना' असं लिहून खाली मान्यवरांचं नाव असतं. ओढ्यावरच्या कठड्याचीही संकल्पना असते. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ निवडणूकच झाली नाही, तेव्हा मला वाटलं, आता पाट्या थांबतील. नाही थांबल्या. आधी नावामागे 'माजी' लागलं, मग 'भावी'. एका चौकात मी दोन्ही शब्द एकाच नावामागे पाहिले आहेत. वर्तमानकाळ तेवढा वगळलेला. तेव्हा अर्जदार कोण हा काही क्षुल्लक प्रश्न नव्हे. अध्यक्षांचं नाव घालावं तर सेक्रेटरींनी फॉर्म आणला होता. सेक्रेटरींचं घालावं तर तांत्रिक बाजू इंजिनियरसाहेब बघणार होते. ताईंचं नाव घालू या असं आजी म्हणाल्या. त्यावर, त्या आपल्या सोसायटीच्या सभासद नाहीत, असा नियमावर बोट ठेवणारा आक्षेप आला. आक्षेप सिंगापूरकरांचा होता. शेवटी 'सर्व सभासद' असं लिहिलं. त्यामुळे सह्या सर्वांच्या लागल्या, आणि फॉर्म सोसायटीत आठवडाभर मजल्यामजल्यांवरून फिरला. त्यावर वरणाचा एक डाग पडला तो तिसऱ्या मजल्यावर.

ताई तोवर पैसे घेऊन निघून गेल्या होत्या. सगळ्यांचे नाही, दोघांचे राहिले; सुट्टे नव्हते.

काम मंजूर झालं. यथावकाश दोन मजूर आले, फुटपाथ दोन्ही टोकांना फोडला, सिमेंट ओतलं आणि कुठलाही समारंभ न होता उतार तयार झाला. इंजिनियरसाहेबांनी कोन मोजला आणि तो बरोबर आल्याचं बघून जरा खट्टू झाले. पहिल्या सकाळी ताईंची ढकलगाडी सरळ वर चढली. आजी वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत एकट्या जाऊन आल्या आणि येताना कुणालाही नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेऊन आल्या, केवळ जाता आलं म्हणून.

आठवड्याभरात उताराच्या तोंडाशी एक स्कूटर उभी दिसली. मग तीन. मग संध्याकाळच्या गर्दीत सिग्नल टाळण्यासाठी दुचाकीस्वार या टोकाने फुटपाथवर चढून त्या टोकाने उतरू लागले. पूर्वी बिचाऱ्यांना गाडी उचलून चढवावी लागायची, आता शहराने त्यांची सोय केली होती. ताईंची ढकलगाडी पुन्हा रस्त्यावर आली.

मी खाली उभा राहून हे बघत होतो तेवढ्यात इंजिनियरसाहेब आले. हातात गुंडाळी होती, म्हणजे पुढल्या वर्षीचा फॉर्म तयार होता.

'खांब,' ते म्हणाले. 'लोखंडी. उताराच्या तोंडाशी ओळीने तीन. दोन खांबांत इतकं कमी अंतर ठेवायचं की स्कूटर आत शिरताच कामा नये. काही नाही हो, अगदी सोपं आहे.'

'पण मग ताईंची ढकलगाडी कशी जाणार?'

त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं आणि गुंडाळी आणखी थोडी उलगडली. तिथे हिरव्या पेन्सिलीनं काढलेलं होतं.

'तिच्यासाठी पलीकडे वेगळा उतार मागायचा.'